थेरपीचा गुण नेमका कशामुळे येतो?

शलाका_नाशिक

"सीबीटी चांगली, आरईबीटी चांगली, की ते लहानपणातलं उकरून काढतात ते चांगलं?" ओळखीपाळखीचं कुणी थेरपिस्ट शोधायला लागलं की मला पहिला फोन याच प्रश्नाचा येतो. (सीबीटी म्हणजे त्रास देणारे विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी थेरपी, आरईबीटी तिच्याच जवळची.) मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते. लोक पद्धतीचं नाव विचारतात, आणि ज्याच्यावर बरंच काही अवलंबून असतं ते विचारायचं राहून जातं. याबद्दलचं संशोधन मराठीत नीट मांडलेलं फारसं दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थेरपीचा मुळात उपयोग होतो का, इथूनच एके काळी वाद होता. १९५२ साली लंडनचे मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी एका छोट्या लेखाने खळबळ उडवली. न्यूरोसिसचे, म्हणजे चिंता, भीती, उदासी अशा त्रासांचे, सुमारे दोन तृतीयांश रुग्ण दोन वर्षांत आपोआपच सुधारतात आणि थेरपी घेणारे त्याहून जास्त सुधारतात असा काही पुरावा नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या आकडेमोडीवर पुढे सडकून टीका झाली. पण त्या लेखामुळे आमच्या क्षेत्राला मोजमाप करणं भाग पडलं, आणि त्याबद्दल मला त्यांचे आभारच मानावेसे वाटतात. पुढे १९७७ मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र तोलले. थेरपी घेतलेला सरासरी माणूस, थेरपी न घेतलेल्या ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत असतो, असं त्यातून निघालं. असे ढीगभर अभ्यास एकत्र तोलायच्या रीतीला 'मेटा-अ‍ॅनालिसिस' हे नाव ग्लास यांनीच आदल्या वर्षी दिलं होतं. आज औषधशास्त्रात सगळीकडे ही रीत वापरतात, पण सुरुवातीला ती गाजली ती मानसोपचारावरच्या या भांडणात.

मग सरस कोणती? सॉल रोझेनझ्वाइग यांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलं होतं की एकमेकींशी न पटणाऱ्या सगळ्याच पद्धतींना यश येतंय, तेव्हा ते यश त्यांच्यातल्या समान गोष्टींमुळे येत असावं. अ‍ॅलिस इन वंडरलँडमधला डोडो पक्षी शर्यत संपल्यावर जाहीर करतो ना, की सगळेच जिंकले आणि सगळ्यांनाच बक्षीस, तेच वाक्य त्यांनी लेखाच्या माथ्यावर घातलं. त्यावरून पुढे या निष्कर्षाला 'डोडोचा निवाडा' म्हणू लागले. तो बऱ्याच अंशी टिकलाय. अमेरिकेत राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २५० नैराश्यग्रस्त रुग्णांवर मोठी चाचणी घेतली, १९८९ मध्ये तिचे निकाल आले. सीबीटी आणि इंटरपर्सनल थेरपी (जवळच्या नात्यांतल्या अडचणींवर काम करणारी) यांच्यात म्हणावा असा फरक निघाला नाही. २०१३ मध्ये नैराश्यावरच्या १९८ चाचण्या आणि सात प्रकारच्या थेरपी एकत्र पाहिल्या गेल्या, तेव्हाही फरक किरकोळच होते.

समान गोष्टी म्हणजे कोणत्या, तर जेरोम फ्रँक यांचं १९६१ मधलं उत्तर मला अजूनही सगळ्यात पटतं. माणूस थेरपीला येतो तो खचलेला असतो. ज्याच्याशी मनातलं बोलता येईल असं एक माणूस, त्यासाठी राखलेली जागा आणि वेळ, आपल्याला हे का होतंय याचं पटेल असं स्पष्टीकरण, आणि त्या स्पष्टीकरणाला धरून दोघांनी मिळून करायचं काहीतरी काम, एवढं मिळालं की तो उभा राहू लागतो. १९७९ मध्ये एडवर्ड बॉर्डिन यांनी यातल्या नात्याची फोड केली. एकमेकांबद्दलचा विश्वास तर हवाच, पण कुठे पोचायचंय यावर एकमत हवं, आणि तिथे पोचायला काय करायचं यावरही. याला आम्ही 'अलायन्स' म्हणतो. २०१८ मध्ये ख्रिस्तोफ फ्लुकिगर आणि सहकाऱ्यांनी २९५ अभ्यासांतले तीस हजारांहून जास्त रुग्ण धरून पाहिलं. अलायन्स आणि गुण येणं यांचा सहसंबंध सुमारे ०.२८ निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण), आणि पद्धत कोणतीही असली तरी तो साधारण तेवढाच राहिला.

म्हणून माझं म्हणणं असं: पद्धतीचं नाव जरूर विचारा, पण खरी चौकशी करायची ती माणसाची, आणि तुमचं दोघांचं काम कशावर ठरलंय याची.

पराग_डोंबिवली

शलाकाताई, विषय छान मांडलात. मी स्टॅटिस्टिक्सवाला आहे, त्यामुळे दोन शंका विचारल्याशिवाय राहवत नाही.

०.२८ चा वर्ग केला तर जेमतेम ८ टक्के. म्हणजे कोण किती सुधारलं यातल्या फरकाचा ८ टक्के भाग अलायन्सशी जोडता येतो, ९२ टक्के बाकीच. शिवाय आधी काय घडतं? ज्याला पहिल्या काही भेटींतच बरं वाटू लागलं त्याला थेरपिस्ट आवडणारच. मग नात्यामुळे गुण आला की गुण आल्यामुळे नातं जमलं?

दुसरं, स्मिथ-ग्लास यांच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. थेरपीची तुलना अनेकदा 'वेटिंग लिस्ट'वरच्या लोकांशी होते. थांबायला सांगितलेला माणूस स्वतःसाठी काही करायचंही थांबवतो, त्यामुळे थेरपी आहे त्याहून मोठी दिसते. आणि कोण गोळी घेतंय हे लपवता येतं, कोण थेरपी घेतंय हे घेणाऱ्यापासून लपवणार कसं? पिम काउपर्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नैराश्यावरचे ११५ अभ्यास दर्जानुसार वेगळे केले. कमी दर्जाच्या अभ्यासांत परिणामाचा आकार, म्हणजे थेरपी घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांतल्या फरकाचं माप, ०.७४ होता आणि काटेकोर अभ्यासांत ०.२२. फरक लहान नाही. आणि इन्स्टाग्रामवर तो ४०-३०-१५-१५ चा गोल चार्ट फिरत असतो, त्याला आधार काय?

शलाका_नाशिक

पराग, दोन्ही शंका रास्त आहेत.

तो चार्ट मायकेल लँबर्ट यांच्या १९९२ च्या मांडणीतून आलाय. ४० टक्के थेरपीबाहेरचं आयुष्य, ३० टक्के समान घटक, १५ टक्के अपेक्षा, १५ टक्के तंत्र. तोवरचं संशोधन वाचून बांधलेला तो अंदाज आहे, गणित करून काढलेले आकडे नाहीत. लोक तो वजनकाट्यावर तोलल्यासारखा छापतात, याचा मलाही त्रास होतो. पण त्यातली एक गोष्ट खरी आहे. आठवड्यातला एक तास आमच्याकडे असतो, बाकीचे सगळे तास माणूस स्वतःच्या घरात, नोकरीत, नात्यांत जगत असतो. तुमच्या ९२ टक्क्यांतला मोठा भाग तिथे आहे. आजार किती जुना आहे, कर्ज आहे का, घरात मारहाण आहे का, पाठीशी कुणी आहे का.

आधी नातं की आधी गुण, यावर स्वीडनमधल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१३ साली चांगलं काम झालं. दर भेटीला लक्षणंही मोजली आणि अलायन्सही. आजच्या भेटीतलं नातं पुढच्या भेटीतल्या लक्षणांवर परिणाम करतं असं दिसलं, आणि उलटंही दिसलं. म्हणजे तुमची शंका खरी आहे, पण ती पूर्ण उत्तर नाही. १९८९ च्या त्या चाचणीत गोळ्यांचेही दोन गट होते, एक इमिप्रामिन या नैराश्यावरच्या औषधाचा आणि एक प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीचा. नंतर १९९६ मध्ये जॅनिस क्रुपनिक यांनी तपासलं तेव्हा या गटांतही, डॉक्टरशी जमलेलं नातं आणि सुधारणा यांचा संबंध थेरपीच्या गटांइतकाच दिसला.

काउपर्स यांच्याशी मी भांडणार नाही. परिणाम आधी वाटला होता त्यापेक्षा लहान आहे. शून्य नाही.

डॉ_समीर_कोल्हापूर

मी सायकिअ‍ॅट्रिस्ट आहे. गोळी देणाऱ्याच्या बाजूनेही एक पुरावा देतो. त्याच अमेरिकन चाचणीच्या आकड्यांवर २००६ मध्ये पुन्हा काम झालं. इमिप्रामिन घेतलं की प्लासिबो, याने जेवढा फरक पडला त्यापेक्षा जास्त फरक गोळी कोणत्या सायकिअ‍ॅट्रिस्टने दिली याने पडला. सगळ्यात चांगल्या डॉक्टरांचे प्लासिबोवरचे रुग्ण हे सगळ्यात कमी गुण येणाऱ्या डॉक्टरांच्या खऱ्या गोळीवरच्या रुग्णांपेक्षा बरे निघाले. आपल्याकडे 'अमक्याच्या हाताला गुण आहे' म्हणतात ते लोक उगाच म्हणत नाहीत. चाचणी लहान होती, डॉक्टर मोजकेच होते, हे मात्र ध्यानात ठेवायचं.

आता सावधगिरीचं. 'सगळ्याच पद्धती सारख्या' हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. नैराश्यात ते बऱ्यापैकी लागू पडतं, पण मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, आणि विशिष्ट गोष्टींचे फोबिया यांत नाही. तिथे भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं हाच उपचाराचा गाभा आहे. तो वगळून कितीही प्रेमाने ऐकलं तरी आजार जागचा हलत नाही. सायकोसिस (भास-भ्रम होणारे आजार) आणि बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणारा आजार) यांत औषध लागतंच, थेरपी त्याच्या जोडीला.

आणि थेरपीने अपायही होतो. एखादी भयंकर घटना घडून गेली की लगेच सगळ्यांना बसवून 'काय झालं ते सांगा' असं एकाच बैठकीत बोलतं करायची पद्धत नव्वदच्या दशकात जोरात होती. १९९७ मध्ये भाजलेल्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत, ज्यांना असं बोलतं केलं त्यांना वर्षभरानंतर आघाताचा त्रास जास्त असल्याचं दिसलं. कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यातही त्याचा फायदा दिसला नाही. करणाऱ्यांच्या हेतूत काही खोट नव्हती.

एक श्रेय मात्र थेरपीलाच द्यायला हवं. स्टीव्हन हॉलन यांच्या २००५ च्या अभ्यासात मध्यम ते तीव्र नैराश्यातून बरे झालेल्यांचे उपचार थांबवले आणि पुढचं वर्षभर पाहिलं. गोळ्या थांबवलेल्यांपैकी ७६ टक्क्यांना आजार उलटला, सीबीटी संपवलेल्यांपैकी ३१ टक्क्यांना. म्हणजे शिकलेलं काहीतरी मागे उरतं. (हे वाचून कुणी मनाने गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांना विचारून, हळूहळू.)

मंदाकिनी_जो

डॉक्टर, मंत्रचळाबद्दल लिहिलंत म्हणून धीर करून लिहिते. माझा मुलगा बारावीत असताना त्याचे हात कोपरापर्यंत सोलवटले होते, इतका धुवायचा. आधी ज्या समुपदेशक बाईंकडे जात होतो त्या फार मायाळू. त्याला दर वेळी समजवायच्या, "काही होणार नाही रे, स्वच्छ आहेस तू." त्याला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि घरी येईपर्यंत पुन्हा सुरू. आम्हीही घरात तेच करत होतो. दाराची कडी मी काढायची, त्याचा टॉवेल वेगळा, त्याच्या ताटाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

नंतर ज्यांच्याकडे गेलो त्यांनी पहिल्या भेटीत त्याच्याकडूनच भीतीची उतरंड लिहून घेतली. कडीला हात लावणं, पायपुसणं, बाथरूमचा नळ, सगळ्यात वर स्टेशनवरच्या बाकाला हात लावून तसंच काहीतरी खाणं. प्रत्येकापुढे ० ते १०० मधला आकडा. मग कडीपासून सुरुवात. हात लावायचा, धुवायचा नाही, आणि दर पाच मिनिटांनी भीती किती आहे तो आकडा वहीत लिहायचा. आम्हाला सक्त ताकीद होती की "काही होत नाही" असं म्हणायचं नाही. त्याने विचारलं तरी नाही. आई म्हणून ते फार जड गेलं. तो खुर्चीत थरथरत बसलेला आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी. पण वहीतला आकडा कुणी न समजावता खाली येताना त्याने स्वतः पाहिला, आणि त्यानंतर तो आमच्याशी वाद घालायचा थांबला.

शलाका_नाशिक

मंदाकिनीताई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. यात एक गोष्ट मला दिसते ती नोंदवते. पहिल्या ठिकाणी माया होती, पण काय करायचं यावर दोघांचं काही ठरलेलंच नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी उतरंड तुमच्या मुलाच्या हातची होती. कडी आधी की नळ आधी, हे त्याने ठरवलं. म्हणून तो त्या खुर्चीत बसू शकला. बॉर्डिन ज्याला कामावरचं एकमत म्हणतात ते हे. नातं विरुद्ध तंत्र अशी लढाई लावली की हे निसटतं. इतकं अवघड काम माणूस विश्वास असल्याशिवाय करत नाही, आणि नुसता विश्वास असून काम नसेल तर भेटी होत राहतात, मंत्रचळ तसाच राहतो. डॉक्टरांच्या आक्षेपाशी मी शंभर टक्के सहमत आहे.

अनामिका_सातारा

माझा अनुभव उलटा. मी नैराश्यासाठी जात होते. मी बोलायचे, मॅडम ऐकायच्या, मध्ये "हं" म्हणायच्या, तास संपला की पुढची तारीख. माणूस म्हणून चांगल्या होत्या, वाईट काही बोलल्या नाहीत. पण आपण कशासाठी येतोय, कुठवर आलोय, काहीच कळेना. दर वेळचे बाराशे रुपये आणि ऑफिसात खोटं कारण. शेवटी मी एकदा तब्येतीचं निमित्त केलं आणि पुन्हा गेलेच नाही. त्यांचाही फोन आला नाही. मला वाटत राहिलं की आपल्यातच काही खोट असणार, लोकांना फरक पडतो, आपल्याला नाही पडत.

ऋतुजा_लेस्टर

अनामिका, तुमच्यात खोट नाही हो. तुम्हाला काही विचारलंच गेलं नाही.

इथे इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेतर्फे बोलण्याची थेरपी मिळते. २००८ पासून ही योजना देशभर राबवली गेली. मी बाळंतपणानंतर घेतली होती. दर भेटीआधी दोन फॉर्म भरायचे. पीएचक्यू-९ मध्ये नैराश्याचे नऊ प्रश्न, जीएडी-७ मध्ये चिंतेचे सात. झोप, भूक, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं. सुरुवातीला मला ते फार कोरडं वाटलं, माणसाचं दुःख चौकटीत टिक करून सांगायचं म्हणजे. पण मध्यंतरी माझे आकडे सलग वाढले तेव्हा थेरपिस्टने कागद दोघींच्या मधे ठेवला आणि म्हणाली, हे काम करत नाहीये, आपण काय बदलू या? मी तोंडाने कधीच सांगितलं नसतं. आपल्याला वाढवलंयच असं की मोठ्यांना, शिकलेल्यांना "तुमचा उपाय लागू पडत नाही" म्हणायचं नाही.

शलाका_नाशिक

ऋतुजा, ते फॉर्म का महत्त्वाचे आहेत यावर एक अभ्यास मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. २००५ मध्ये लँबर्ट यांच्या गटाने थेरपिस्टांना विचारलं, तुमच्या क्लायंटपैकी कोणाची स्थिती बिघडेल असं वाटतं? ५५० क्लायंट होते. थेरपिस्टांनी नावं घेतली फक्त ३. प्रत्यक्षात ४० जणांची स्थिती बिघडली. सुमारे ५ ते १० टक्के लोक थेरपीत असताना आधीपेक्षा वाईट अवस्थेत जातात, आणि समोर बसलेल्या आम्हाला ते दिसत नाही. दर भेटीचे आकडे थेरपिस्टपुढे ठेवले की असे घसरणारे लोक वेळेत लक्षात येतात, हे या गटाने पुढे बऱ्याच अभ्यासांत दाखवलं.

अनामिका, तुम्ही एकट्या नाही. २०१२ मध्ये ६६९ अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, त्यात साधारण पाचातला एक जण थेरपी अर्ध्यावर सोडतो असं दिसलं. जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्टोफर म्युरन यांचं आयुष्यभराचं काम याच विषयावर आहे, नात्यात येणारे तडे आणि ते सांधणं. तडे सगळीकडे येतात. क्लायंट उघड नाराज होतो किंवा, जास्त वेळा, गोड बोलत मनाने दूर जातो. थेरपिस्टने ते ओळखून विषय काढला आणि स्वतःचा वाटा मान्य केला तर पुढचं काम उलट बळकट होतं. तुमच्या बाबतीत फोन करून विचारणं ही थेरपिस्टची जबाबदारी होती. हे मी याच व्यवसायातली म्हणून स्पष्ट लिहिते.

देविदास_फोंडा

गोव्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी आरोग्य खात्यात होतो, आता निवृत्त. 'संगत' ही संस्था १९९६ पासून इथे आहे, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली. त्यांचं काम जवळून पाहायला मिळालं.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कुणी "मला डिप्रेशन आहे" म्हणत येत नाही. अंग दुखतं, झोप नाही, टेन्शन आहे. अशा, प्रश्नावलीवर नैराश्य बऱ्यापैकी तीव्र निघालेल्या ४९५ लोकांवर दहा केंद्रांत चाचणी झाली. निम्म्यांना केंद्रातले नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याशिवाय सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम. आणि त्या भेटी घेणारे सायकॉलॉजिस्ट नव्हते, डॉक्टर नव्हते. गावातलीच दहावी-बारावी झालेली, इथल्या भाषा बोलणारी माणसं, काही आठवड्यांचं प्रशिक्षण आणि नंतर देखरेखीखाली सराव केलेली. तीन महिन्यांनी कार्यक्रमातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलंय हे. वर्षानंतर पाहिलं तेव्हाही फायदा टिकून होता.

त्या भेटींत बालपण वगैरे काही नाही. माणूस खचला की करत होता ते सोडून देतो, चर्चला जाणं, देवळात जाणं, बाजार, शेजारणीशी गप्पा. सोडल्यामुळे आणखी खचतो. तर त्यातली एक गोष्ट निवडायची, कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणाबरोबर, ते ठरवायचं, आणि पुढच्या भेटीला काय झालं ते बोलायचं. जमलं नाही तर का नाही, त्यावर तोडगा. समुपदेशक घरीही जात, फोनही करत.

पराग_डोंबिवली

देविदासकाका, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. वर शंका काढणाराच मी, पण ही चाचणी मला आवडते, कारण तुलना वेटिंग लिस्टशी नाही, नेहमीच्या उपचारांशी आहे. शिवाय लोक किती हालचाल करू लागले तेही त्यांनी मोजलं होतं, आणि कार्यक्रमाचा बराचसा परिणाम त्यातून गेला असं दिसलं. १९९६ मध्ये नील जेकबसन यांनी सीबीटीचे भाग सुटे करून पाहिले होते. विचार तपासण्याचा भाग काढून नुसता कृतीचा भाग दिला तरी नैराश्यात जवळपास तेवढाच गुण आला. गोव्यातला कार्यक्रम त्याच कृतीच्या भागावर बेतलाय.

पण मग एक प्रश्न पडतो. दहावी झालेली माणसं हे करू शकत असतील तर डिग्रीचं काय?

डॉ_समीर_कोल्हापूर

पराग, त्या समुपदेशकांवर काय काय देखरेख होती ते पाहा. भेटींच्या रेकॉर्डिंग एकत्र बसून ऐकायच्या आणि एकमेकांना गुण द्यायचे. कार्यक्रमाची पुस्तिका ठरलेली. आत्महत्येचा धोका दिसला तर पुढे कुणाकडे पाठवायचं ते ठरलेलं. आपल्याकडे शहरात कुणीही चार वीकेंडचा कोर्स करून 'समुपदेशक' अशी पाटी लावतो, आणि त्याची रेकॉर्डिंग कधीच कुणी ऐकत नाही. या दोन गोष्टी एका मापात घालू नयेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी विचारावी, आणि त्यात कुणी संकोच करू नये.

शलाका_नाशिक

डिग्री आणि अनुभव यांच्याबद्दलचं संशोधन आम्हा लोकांना पचायला जड आहे, तरी सांगते. २०१६ मध्ये १७० थेरपिस्ट आणि त्यांचे साडेसहा हजारांवर क्लायंट अशा नोंदी पाहिल्या गेल्या. वर्षं सरली तसे थेरपिस्ट सुधारले नाहीत, सरासरीने किंचित घसरलेच. वयाने, डिग्रीने, अनुभवाच्या वर्षांनी कोण चांगला थेरपिस्ट ते कळत नाही, असं २००५ मध्ये ब्रूस वँपोल्ड यांनाही आढळलं होतं. मात्र थेरपिस्टा-थेरपिस्टांत फरक असतो हे नक्की, आणि तो पद्धतीपद्धतींतल्या फरकापेक्षा मोठा दिसतो.

तो फरक कशात, याचा माग टिमोथी अँडरसन यांनी २००९ मध्ये छान काढला. थेरपिस्टांना अवघड क्लायंटच्या व्हिडिओ फिती दाखवल्या. चिडलेला, टोमणे मारणारा, गप्प बसणारा. फीत थांबवायची आणि म्हणायचं, आता याला तुम्ही काय म्हणाल, बोला. त्या क्षणी जे ऊबदार, नेमकं आणि न बिथरता बोलू शकले, त्यांच्या क्लायंटना जास्त गुण आलेला होता. मी लोकांशी छान वागतो असं जे स्वतःबद्दल लिहून देत होते, त्या उत्तरांचा काही संबंध लागला नाही. ही कौशल्यं सरावाने वाढवता येतात, पण त्यासाठी दुसऱ्या कुणीतरी तुमचं काम ऐकायला हवं. गोव्यातली मंडळी दर आठवड्याला जे करत होती, ते आमच्यातले बरेच जण एकदा परवाना मिळाला की आयुष्यात पुन्हा करत नाहीत. हे बदलायला हवं असं मला तळमळून वाटतं.

अनामिका_सातारा

सगळं वाचून काढलं. पुन्हा प्रयत्न करायचा विचार आहे. मग पहिल्या फोनवर किंवा पहिल्या भेटीत मी नक्की विचारू काय? आणि किती भेटी वाट पाहायची?

शलाका_नाशिक

नोंदणी आणि फी तर विचाराच. त्यानंतर विचारा, "माझ्यासारख्या त्रासावर तुम्ही साधारण कसं काम करता?" उत्तर तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळायला हवं. पहिल्या दोन-तीन भेटींत, तुम्हाला हे का होतंय असं त्यांना वाटतं आणि पुढे काय करायचं, हे त्यांनी सांगायला हवं. ते तुम्हाला पटायलाही हवं. नाही पटलं तर तिथेच म्हणा, "हे मला लागू पडत नाही असं वाटतंय." त्यावर ते कसे वागतात तेही बघा. राग आला, किंवा दोष तुमच्यावरच आला, तर खुशाल दुसरीकडे जा.

किती भेटी, तर १९८६ चा केनेथ हॉवर्ड यांचा अंदाज अजून उपयोगी पडतो: आठव्या भेटीपर्यंत साधारण निम्म्या लोकांत मोजता येईल असा फरक दिसतो, सव्वीसपर्यंत पाऊण लोकांत. तेव्हा दुसऱ्या भेटीला निराश होऊ नका, आणि सहा-सात भेटींत तसूभरही हललं नसेल तर गप्प राहू नका. पीएचक्यू-९ मराठीत मिळतो. पहिल्या दिवशी भरून तारीख घालून ठेवा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा भरा, आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवा.

डॉ_समीर_कोल्हापूर

एक जोड. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर यातल्या कशाचीच वाट पाहू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. शिवाय जवळच्या सरकारी रुग्णालयात थेट गेलात तरी चालतं, चिठ्ठी लागत नाही.